पावसाळ्यात प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाचे चित्र दरवर्षी मळकट का होते? फिल्टरांचे दुखणे आणि त्यावरचे उपाय

गोव्यातील प्रयोगशाळांमध्ये प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक, म्हणजे ठरावीक रंगाच्या प्रकाशाने नमुन्यातले रंगद्रव्य चमकवून पाहण्याचे उपकरण, वापरणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी जुलैच्या आसपास कानावर येऊ लागते. एप्रिलमध्ये जो नमुना काळ्याभोर पार्श्वभूमीवर स्वच्छ उजळत होता, तोच आता राखाडी धुरकटपणात बुडालेला दिसतो, कॅमेऱ्याचे एक्सपोजर दुप्पट करावे लागते आणि तरीही कडा नीट उठून येत नाहीत. पहिला संशय रंगद्रव्यावर घेतला जातो, दुसरा दिव्यावर. ताजे रंगद्रव्य मागवले जाते, मर्क्युरीचा नवा दिवा बसवला जातो, चार दिवस चित्र बरे दिसते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. ‘सर, दिवा कालच बदलला, तरी फिटसीमध्ये तसंच दिसतंय,’ हे वाक्य (फिटसी म्हणजे हिरवे चमकणारे एक रंगद्रव्य) प्रयोगशाळा साहाय्यकांच्या तोंडून या दिवसांत हमखास ऐकायला मिळते. नवा दिवा अधिक प्रकाश देतो म्हणून काही काळ दोष झाकला जातो, एवढाच त्या सुधारणेचा अर्थ असतो. बहुतेक वेळा खरा दोष फिल्टरमध्ये असतो. आणि तो फिल्टर बदलूनही पुढच्या पावसाळ्यात दुखणे परत येत असेल, तर खोलीची हवा आणि एसीचे वेळापत्रक यांत त्याचे मूळ शोधावे लागते.

हा प्रश्न केवळ चित्राच्या देखणेपणाचा नाही. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यातील जिवाणूंची मोजणी हे गोव्यातील जुने आणि महत्त्वाचे काम आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासूनची आहे आणि ताळगाव पठारावरील विद्यापीठ १९८५ पासूनचे. या मोजणीत ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या काळ्या पॉलिकार्बोनेट पटलावर पाणी गाळून, १९७७ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे ॲक्रिडिन ऑरेंजने किंवा १९८० साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे डापी या रंगद्रव्याने रंगवलेले जिवाणू एकेक करून मोजले जातात. मायक्रॉनहूनही लहान असलेला जिवाणू पार्श्वभूमी किंचित उजळली तरी दिसेनासा होतो आणि मोजणी कमी येते. पावसाळ्यात मांडवी आणि झुआरीच्या मुखाशी गोड्या पाण्याचा लोंढा येतो, तेव्हा जिवाणूंच्या संख्येत खरोखरच बदल होत असतो. उपकरणाचा दोष आणि ऋतूचा परिणाम एकाच महिन्यात अवतरल्यामुळे दोहोंची सरमिसळ होते आणि नको तो प्रकाश गळू देणाऱ्या फिल्टरने दाखवलेली घट निरीक्षणवहीत निसर्गाच्या खात्यावर जमा होते. माझ्या मते या समस्येतील सर्वांत गंभीर बाब हीच आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवावे

फिल्टरचा क्यूब उघडण्यापूर्वी काही तपासण्या बाहेरूनच करता येतात आणि त्या ठरावीक क्रमाने केल्या तर निम्मे काम तिथेच संपते. प्रत्येक क्यूबमध्ये तीन भाग असतात, हे लक्षात ठेवावे: दिव्याच्या प्रकाशातून तरंगलांबींचा हवा तेवढाच पट्टा नमुन्याकडे सोडणारा उत्तेजन फिल्टर, ४५ अंशांत बसवलेला आणि तो प्रकाश खाली वळवणारा डायक्रोइक आरसा, आणि नमुन्यातून आलेली प्रतिदीप्ती पुढे जाऊ देऊन उरलेला उत्तेजक प्रकाश अडवणारा उत्सर्जन फिल्टर.

सर्वांत आधी सगळे क्यूब एकामागून एक फिरवून पाहावेत. डापी, फिटसी आणि लाल रंगाचा क्यूब असे तिन्ही सारखेच मंद झाले असतील, तर दोष दिव्यात, त्यापुढील भिंगात, उष्णतारोधक फिल्टरमध्ये किंवा वस्तुभिंगात आहे असे समजावे. एकच क्यूब मंद असेल, तर दिवा बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. हे सांगण्याची गरज वाटू नये इतके सोपे आहे, पण दिवा बदलण्याच्या घाईत ही तपासणी नेमकी राहून जाते.

त्यानंतर स्लाइड काढून टाकून, खोलीतले दिवे मालवून, रिकाम्या मंचाचे चित्र नेहमीच्याच एक्सपोजरवर घ्यावे. नमुना नसताना चित्र जवळजवळ काळे यायला हवे. ते राखाडी आले, तर उत्तेजक प्रकाश कुठून तरी गळतो आहे किंवा मार्गातील एखादी वस्तू स्वतःच चमकते आहे. वस्तुभिंगाच्या टोकावर राहिलेले जुने तेल हे याचे एक अगदी नेहमीचे कारण आहे, म्हणून ते आधी पुसावे; पुसूनही पार्श्वभूमी तशीच राहिली आणि ती एकाच क्यूबमध्ये दिसत असेल, तर संशय फिल्टरवर पक्का होतो. या उलट, रिकामे चित्र काळे येते पण नमुना मंद दिसतो, अशी स्थिती असेल तर उत्तेजन फिल्टरची पारगम्यता, म्हणजे प्रकाश पलीकडे सोडण्याची क्षमता, घटली आहे किंवा त्याचा पट्टा सरकला आहे असा अंदाज बांधावा.

चित्रात ठरावीक जागी डाग किंवा फिकट पट्टा दिसत असेल, तर तो कोणत्या भागाचा आहे हे फिरवून कळते. कॅमेरा फिरवल्यावर डाग चित्रातल्या त्याच जागी राहिला, तर तो कॅमेऱ्याच्या काचेवर आहे. नमुना सरकवल्यावर सरकला, तर नमुन्यात आहे. उत्सर्जन फिल्टर त्याच्या कड्यात थोडा फिरवल्यावर त्याच्याबरोबर फिरला, तर तो फिल्टरवर आहे. उत्तेजन फिल्टर प्रतिमेच्या प्रतलात नसल्यामुळे त्यावरचा डाग सहसा डाग म्हणून दिसतच नाही. तो पडद्यावर सर्वत्र पसरलेला अंधार म्हणून दिसतो. त्यामुळे ‘डाग नाही, म्हणजे फिल्टर चांगला’ हा तर्क चुकीचा ठरतो.

या सगळ्या तुलनांना एक स्थिर मापदंड लागतो. प्रतिदीप्त प्लॅस्टिकची तयार स्लाइड मिळते. ती अंधारात ठेवली आणि प्रत्येक वेळी तिची नवी जागा पाहिली, तर वर्षानुवर्षे टिकते. हायलायटरच्या शाईचा थेंब तातडीच्या तपासणीला चालतो, पण ती शाई प्रकाशात लवकर फिकी पडते, म्हणून त्यावर महिनोन्महिन्यांची तुलना करू नये.

फिल्टर हातात घेऊन काय पाहावे

दिवा बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा. मर्क्युरीचा दिवा चालू असताना क्यूब काढून आत डोकावणे डोळ्यांना घातक आहे, आणि ही सूचना कितीही वेळा दिली तरी जास्त होत नाही. पावडर नसलेले हातमोजे घालून फिल्टर कडेने धरावा आणि साध्या ट्यूबलाइटखाली तिरपा करून त्यावर उमटणारे प्रतिबिंब पाहावे. सरळ धरल्यावर निर्दोष वाटणारी काच तिरपी केली की बोलू लागते.

ओलावा शिरलेल्या फिल्टरमध्ये बाहेरच्या कडेला लागून एक वक्र, फिकट पट्टी दिसते. तिची आतली किनार स्पष्ट असते आणि तिच्यावर कधी कधी इंद्रधनुषी कडी उमटतात, कारण तिथे दोन काचांमधले थर सुटून मध्ये हवेची पातळ फट तयार झालेली असते. ही पट्टी कडेपासून मध्याकडे सरकत जाते. सुरुवातीला ती प्रकाशमार्गाच्या बाहेर असते आणि चित्रावर काहीच परिणाम होत नाही, म्हणूनच ती कुणाच्या लक्षात येत नाही. मध्यभागी पोहोचते तेव्हा चित्र अचानक बिघडल्यासारखे वाटते, पण बिघाड कित्येक महिन्यांपासून चालू असतो. उष्णतेने आणि अतिनील प्रकाशाने जळालेल्या फिल्टरची खूण याच्या उलट असते: त्याचा मध्यभाग तपकिरी किंवा दुधी होतो, किंवा तिथला रंग कडेच्या रंगापेक्षा वेगळा दिसतो, आणि कडा मात्र स्वच्छ राहते. बुरशी असेल तर एका बिंदूपासून निघालेले, फांद्या फुटलेले बारीक धागे पृष्ठभागावर दिसतात. डाग कडेचा आहे की मधला, हे कळले की निम्मे निदान झालेच: कडेचा असेल तर खोलीच्या हवेकडे पाहावे, मधला असेल तर दिव्याकडे.

सूक्ष्म छिद्रे पाहण्यासाठी फिल्टर एखाद्या पांढऱ्या एलईडी टॉर्चसमोर, अंधाऱ्या खोलीत धरावा. लेप जिथे उडाला असेल तिथे पांढरे ठिपके दिसतात. समुद्राजवळच्या प्रयोगशाळांमध्ये जुन्या अतिनील उत्तेजन फिल्टरांत हे अधिक आढळते, कारण त्यांच्यातील काहींत धातूचेही पातळ थर असतात आणि खारी हवा धातूला सोडत नाही. याच टॉर्चसमोर उत्तेजन आणि उत्सर्जन फिल्टर एकमेकांवर समांतर ठेवून पाहावेत. दोघांचे पट्टे एकमेकांना छेदत नसल्यामुळे चांगली जोडी काळी दिसते. त्यांतून प्रकाश दिसला, तर चित्रातील राखाडी पार्श्वभूमीचे कारण हाती लागले. मात्र जोडी काळी दिसली म्हणून ती निर्दोष आहे असे ठरत नाही, आणि त्याचे कारण आकड्यांत आहे.

नमुन्यातून येणारी प्रतिदीप्ती उत्तेजक प्रकाशाच्या मानाने अत्यल्प असते, म्हणून चांगल्या जोडीने तो प्रकाश ६ प्रकाशीय घनतेपर्यंत अडवावा अशी अपेक्षा असते. याचा अर्थ १० लाखांतील एकच भाग पलीकडे जातो. ही घनता ४ वर आली, तर १० हजारांतील एक भाग जाऊ लागतो, म्हणजे गळती शंभरपट होते. हाताने धरलेल्या टॉर्चसमोर या दोन्ही जोड्या डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसतील, पण कॅमेऱ्याला त्यांतला फरक लगेच कळेल.

हे फिल्टर आतून का बिघडतात

जुन्या पिढीचे फिल्टर काचेच्या चकत्यांवर निर्वातात बाष्पीभवनाने थर चढवून केलेले असतात. झिंक सल्फाइड आणि क्रायोलाइट ही त्यांची नेहमीची जोडी. हे थर मऊ, सच्छिद्र आणि ओलावा ओढणारे असल्यामुळे ते उघडे ठेवता येत नाहीत. म्हणून थर चढवलेल्या काचा पारदर्शक इपॉक्सीने एकमेकींना चिकटवतात, नको असलेले उरलेले पट्टे अडवण्यासाठी मध्ये रंगीत काच घालतात आणि संपूर्ण गठ्ठा धातूच्या कड्यात बंद करतात. त्याचे सगळे आयुष्य त्या कडेच्या बंदिस्तीवर अवलंबून असते. पावसाळ्यात प्लायवुडच्या दाराची खालची कड जशी पाणी पिऊन फुगते आणि मग वरची पाने सुटू लागतात, तसेच इथेही घडते. दाराला निदान रंगाचा हात तरी मारता येतो, फिल्टरची कड फुटली की ती घरी बंद करण्याचा उपाय नाही.

ओलावा शिरल्यावर थर सुटण्याआधीच आणखी एक गोष्ट घडते. थरांमधील सूक्ष्म पोकळ्यांत पाणी भरल्याने त्यांचा अपवर्तनांक वाढतो आणि फिल्टरचा संपूर्ण पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकतो. फिटसीच्या एका प्रचलित संचात उत्तेजनाचा पट्टा ४६५ ते ४९५ नॅनोमीटर, डायक्रोइकची सीमा ५०५ आणि उत्सर्जनाचा पट्टा ५१५ ते ५५५ नॅनोमीटर असतो. उत्तेजन आणि उत्सर्जन यांमध्ये फक्त २० नॅनोमीटरचे अंतर आहे. उत्तेजन फिल्टर काही नॅनोमीटर लाल बाजूला सरकला आणि त्याचा उतारही सैल झाला, तर त्याचे शेपूट उत्सर्जनाच्या पट्ट्यात शिरते. काच स्वच्छ दिसते, डाग कुठेच नसतो, तरीही पार्श्वभूमी उजळते. साफसफाईने काही फरक पडत नाही अशा तक्रारींच्या मागे बहुधा हेच असते.

रंगीत काचाही बिनधोक नसतात. लाल प्रकाश आणि अवरक्त किरण अडवणाऱ्या काही निळ्या-हिरव्या काचा फॉस्फेटच्या असतात आणि दमट हवेत त्यांच्या पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. ती पुसून जात नाही, कारण ती काचेचाच झालेला बदल असते.

कठीण लेपाचे फिल्टर यांहून निराळे असतात. त्यांत टँटॅलम किंवा निओबियमसारख्या धातूंची ऑक्साइडे आणि सिलिकॉन डायऑक्साइड यांचे थर आयन-शलाकेच्या माऱ्याने इतके घट्ट बसवलेले असतात की त्यांत पाण्याला जागा राहत नाही. पुष्कळदा सगळे थर एकाच काचेवर असतात, मध्ये गोंद नसतो, त्यामुळे सुटायलाही काही नसते आणि गोंद पिवळा पडण्याचा प्रश्नही उरत नाही. गोव्यासारख्या ठिकाणी या फरकाचे मोल कोरड्या प्रदेशापेक्षा पुष्कळ अधिक आहे.

खोलीची हवा आणि एसीचे वेळापत्रक

जुलैमध्ये बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २५ अंश येतो. दिवसभर एसी २२ अंशांवर चालवलेल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाचा जड धातूचा सांगाडा आणि आतल्या काचाही २२ अंशांवर आलेल्या असतात. संध्याकाळी एसी बंद करून, कोंदट वाटते म्हणून खिडकी उघडली की ती बाहेरची हवा या गार काचांवर जाऊन बसते. काच दवबिंदूपेक्षा तीन अंशांनी गार असल्याने तिच्यावर पाणी धरणारच. सांगाडा जड असल्यामुळे तो सावकाश तापतो आणि ओल बराच वेळ टिकते. हा प्रकार रोज संध्याकाळी घडत असेल, तर फिल्टरच्या कडेला पावसाळाभर रोज पाणी पाजले जाते. एसी मुळीच नसलेल्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाला बुरशी लागते, पण त्याच्या काचांवर असे पाणी सहसा साठत नाही. दिवसा एसी आणि रात्री उघडी खिडकी ही पद्धत दोहोंतील वाईट तेवढे एकत्र आणते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत याचा कळस होतो. वीज वाचवण्यासाठी मुख्य खटका खाली केला जातो, उपकरणावर प्लॅस्टिकचे आवरण घट्ट घातलेले असते आणि आत अडकलेली दमट हवा कित्येक दिवस हलत नाही. सुट्टीनंतर पहिल्यांदा उपकरण चालू करणाऱ्याला जे दिसते, त्याची तयारी सुट्टीआधीच झालेली असते.

यावर तोडगा फार खर्चाचा नाही. एसी २२ ऐवजी २५ अंशांवर ठेवावा आणि त्याच्या जोडीला आर्द्रता शोषणारे यंत्र चोवीस तास चालवावे. २५ अंशांवर ५० टक्के आर्द्रता राखली तर खोलीतील हवेचा दवबिंदू सुमारे १४ अंशांवर येतो आणि काचांवर पाणी धरण्याचा प्रश्नच मिटतो. त्या यंत्राची नळी थेट मोरीत सोडावी, कारण भांडे भरले की यंत्र आपोआप थांबते आणि सुट्टीत ते रिकामे करायला कुणी नसते. यंत्रासाठी विजेचा वेगळा खटका असावा, म्हणजे मुख्य खटका खाली करणाऱ्याच्या हातून ते बंद होणार नाही. खोलीत आर्द्रतामापक लावावा, पण भिंतीवर न लावता सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवावा. दोन्ही यंत्रांचा खर्च परवडत नसेल आणि एकच निवडायचे असेल, तर फिल्टरांच्या दृष्टीने मी एसीपेक्षा आर्द्रता शोषणाऱ्या यंत्राला पसंती देईन, मग काम करणारे थोडे घामाघूम झाले तरी चालेल.

वापरात नसलेले क्यूब काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत. जेलचा रंग बदलला की ते ११० ते १२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा कोरडे करता येते; रंग बदललेले जेल तसेच ठेवणे आणि काहीच न ठेवणे यांत फरक नाही. क्यूब काढल्यावर, ज्या फिरत्या चक्रात ते बसतात त्याच्या रिकाम्या खाचेवर झाकण लावावे. फिल्टर फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा टाळावी, कारण बाहेर काढताक्षणी त्यावर पाणी धरते.

कपाटात दिवा लावून ठेवण्याची कोकणपट्टीतील जुनी युक्ती मात्र शास्त्रशुद्ध आहे. २७ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५७ टक्क्यांवर उतरते आणि बुरशीला ती पुरत नाही. अलीकडे ही युक्ती निष्फळ ठरू लागली आहे, कारण वीज वाचवण्याच्या हेतूने कुणीतरी त्या कपाटातला तारेचा दिवा काढून एलईडी लावतो. कपाटात उजेड पडतो, ऊब मात्र राहत नाही.

दिव्याची उष्णता

मध्यभागी जळालेल्या फिल्टरचे कारण दिव्याच्या पेटीत असते. मर्क्युरीच्या दिव्याची शक्ती ३६५, ४०५, ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषांमध्ये एकवटलेली असते, आणि डापीचा उत्तेजन फिल्टर ३६५ ची रेषा थेट झेलतो, म्हणून तो सर्वांत आधी जातो. दिवा आणि क्यूब यांच्यामध्ये उष्णतारोधक फिल्टर जागेवर आहे का, हे तपासावे. ‘प्रकाश वाढेल’ म्हणून तो काढून ठेवलेला अनेकदा आढळतो. नमुना पाहत नसताना शटर बंद ठेवण्याची सवय फिल्टरचे आयुष्य सरळ वाढवते. एलईडीचा प्रकाशस्रोत लावल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो. क्षयाच्या जिवाणूंसाठी ऑरामाइनने रंगवलेल्या स्लाइड पाहण्याच्या कामात जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मर्क्युरीच्या जागी एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. दिव्याचे दीर्घ आयुष्य आणि पाऱ्यापासून सुटका हे त्याचे उघड लाभ आहेत, पण मऊ लेपाच्या फिल्टरलाही त्यातून दिलासा मिळतो.

साफसफाईबद्दल थोडेसे

मऊ लेपाच्या उघड्या पृष्ठभागाला रबरी फुग्याच्या हवेपलीकडे काही लावू नये. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्याबरोबर लाळेचे कण जातात. चिकटवलेल्या फिल्टरच्या बाहेरच्या काचेवर बोटाचा ठसा असेल, तर भिंगांच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन मध्याकडून कडेकडे एकदाच पुसावे; द्रव कडेशी साचू देऊ नये, नाहीतर तोच फटीतून आत शिरतो. ॲसिटोन आणि झायलीन गोंद सैल करतात, म्हणून ते चिकटवलेल्या फिल्टरजवळ नेऊच नयेत. कठीण लेपाला आयसोप्रोपिल अल्कोहोल निर्धास्त चालते. अल्ट्रासॉनिक टाकीत मात्र चिकटवलेला फिल्टर कधीही बुडवू नये.

बुरशी पुसली गेली तरी तिने सोडलेल्या आम्लांनी लेपावर कोरलेल्या खुणा राहतात. त्या प्रकाश विखुरतात आणि त्यावर इलाज नाही.

नवा फिल्टर घेताना

संपूर्ण संच एकदम बदलण्याइतका निधी नसेल, तर उत्तेजन फिल्टर आधी बदलावा, कारण उष्णता आणि अतिनील प्रकाश दोन्ही तोच झेलतो. मागणीपत्रात केवळ ‘फिटसी फिल्टर’ असे लिहिले, तर सर्वांत कमी दराची निविदा मऊ लेपाचा फिल्टर घेऊन येईल आणि तीन पावसाळ्यांनी तीच फाइल पुन्हा उघडावी लागेल. कठीण लेप, गोंदविरहित रचना, अडवणुकीची किमान घनता आणि ज्या तरंगलांबींच्या टप्प्यात ती हवी तो टप्पा, हे सारे स्पष्ट लिहावे. लेपांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी आयएसओ ९२११ हे मानक आहे. त्यातील आर्द्रतेच्या चाचणीचा दाखला मागावा, आणि प्रयोगशाळा किनाऱ्यालगत असेल तर क्षारयुक्त धुक्याच्या चाचणीचाही. व्यास, जाडी आणि डायक्रोइकची लांबी-रुंदी जुन्या भागावर मोजूनच लिहावी, कारण एकाच निर्मात्याच्या दोन पिढ्यांच्या क्यूबमध्येही मापे बदलतात.

बसवताना दिशा चुकली, तर उत्तम फिल्टरही लवकर खराब होतो. कड्यावरच्या बाणाचा अर्थ सर्व निर्मात्यांकडे एकच नसतो. काहींचा बाण प्रकाशाच्या जाण्याची दिशा दाखवतो, तर काहींचा दिव्याकडे रोखलेला असतो, म्हणून माहितीपत्रक पाहूनच बसवावा. उत्तेजन फिल्टरची आरशासारखी चमकणारी बाजू सहसा दिव्याकडे असते, म्हणजे नको असलेला प्रकाश आत शोषला न जाता परत फेकला जातो. डायक्रोइकची लेप असलेली बाजू ओळखण्यासाठी एखाद्या टोकदार वस्तूचे प्रतिबिंब त्यात पाहावे. लेपाच्या बाजूने पाहिल्यास एकच ठळक प्रतिबिंब दिसते. उलट्या बाजूने पाहिल्यास काचेच्या जाडीएवढ्या अंतरावर दुसरे, फिकट प्रतिबिंब आणि काचेची आतली कड दिसते. लेपाची बाजू दिवा आणि नमुना या दोहोंकडे तोंड करून बसली पाहिजे. त्याचे स्क्रू आवळताना काच वाकणार नाही याची काळजी घ्यावी, कारण वाकलेला आरसा प्रकाशाचे केंद्र हलवतो.

नवा फिल्टर हाती आल्यावर, उपकरणात बसवण्यापूर्वी, कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश त्यातून पार जातो याचा आलेख महाविद्यालयातील साध्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काढून ठेवावा. द्रव ठेवण्याच्या चौकोनी कुपीच्या (क्युव्हेटच्या) जागी फिल्टर काटकोनात उभा राहील अशी पुठ्ठ्याची चौकट पुरते. अशी यंत्रे साधारण ३ शोषणांकापर्यंतच (म्हणजे ३ प्रकाशीय घनतेपर्यंतच) विश्वासार्ह असतात, म्हणून ६ घनतेची अडवणूक त्यांवर पडताळता येणार नाही. पट्ट्याच्या कडा कोणत्या तरंगलांबीवर आहेत आणि मध्यभागी पारगम्यता किती टक्के आहे, हे मात्र अचूक कळते, आणि ओलाव्याने आधी बिघडतात त्या याच दोन गोष्टी. डायक्रोइकचा आलेख ४५ अंशांत धरूनच काढावा; काटकोनात काढल्यास त्याची सीमा लांब तरंगलांबीकडे सरकलेली दिसते आणि नवाकोरा भाग सदोष समजून परत पाठवला जातो. दरवर्षी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्याच चौकटीत तोच फिल्टर ठेवून आलेख काढावा आणि पहिल्या आलेखावर ठेवून पाहावा. कड दोन-तीन नॅनोमीटरने लाल बाजूला गेलेली दिसली, तर चित्र अजून चांगले येत असले तरी नव्या फिल्टरचे मागणीपत्र तेव्हाच घालावे, कारण मंजुरी आणि पुरवठा यांत पुढचा पावसाळा उजाडतो.